पाहुण्यांच्या पेल्यात पोटाचा विचार

दिवाळी आली की घरात माणसांची ये-जा वाढते. मग तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई, शेतावरचा हुरडा, नाताळ, एकतीस डिसेंबरची रात्र आणि संक्रांतीचं हळदीकुंकू. या दिवसांत जेवणाचा बेत आपण फार बारकाईनं आखतो. कोणाला तिखट सोसत नाही, कोणाचा उपवास आहे, कोण कांदा-लसूण खात नाही, हे सगळं यजमानाला पाठ असतं. प्यायचं काय, हा प्रश्न मात्र शेवटच्या तासाला आठवतो. मग एखाद्या पुतण्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं जातं आणि कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या येतात.

ज्या घरी मद्य असतं, तिथे ही तफावत जास्तच जाणवते. पिणाऱ्यांसाठी बर्फ, सोडा, चकणा, खास पेले असं सगळं दोन दिवस आधी ठरलेलं असतं. गरोदर वहिनी, गोळ्या चालू असलेले काका, रात्री गाडी चालवून सगळ्यांना घरी पोचवणारा भाऊ, दारू सोडलेला मित्र आणि घरातली मुलं यांच्या वाट्याला मात्र रंगीत साखरपाणी येतं. त्यावर तळलेलं, गोड आणि उशिराचं जेवण. दुसऱ्या दिवशी पोट तक्रार करतं, त्यात नवल काय?

न पिणाऱ्या पाहुण्याचा पेला हा बेताचाच भाग आहे, आणि तो जेवणाइतक्याच आस्थेनं तयार व्हायला हवा. त्यासाठी महागड्या बाटल्या लागत नाहीत. ताक, सोलकढी, कांजी, आंबील, आवळा, कोकम ही सगळी आपल्या ओळखीचीच मंडळी आहेत. लागते ती थोडी आधीची तयारी आणि काही गोष्टींची नेमकी माहिती. ती इथे देत आहे. बहुतेक मापं साधारण दहा-बारा माणसांच्या हिशेबानं आहेत.

पोटाला सोसणारं म्हणजे नेमकं काय?

पहिली कसोटी साखरेची. ३०० मिलिलिटर कोलामध्ये ३० ग्रॅमच्या वर साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शनानुसार, दिवसभरात वरून घेतलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत असली तर उत्तम. सर्वसाधारण प्रौढ माणसासाठी हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. एका पेल्यातच ही मर्यादा ओलांडली जाते, आणि सणाच्या दिवशी ताटात लाडू-करंज्या असतातच. म्हणून घरच्या पेयात एका पेल्याला एक लहान चमचा साखर किंवा गूळ पुरे. शक्य असेल तिथे तोही नको. आंबट, खारट, तिखट आणि सुगंधी या चवींवर पेय उभं राहू शकतं. आपली बहुतेक जुनी पेयं अशीच आहेत.

दुसरी कसोटी जिवंतपणाची. दही, ताक, कांजी यांत आंबवणारे जिवाणू असतात. ते साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात, त्यातून आंबटपणा येतो. हे जिवाणू पोटात जिवंत जावेत असं वाटत असेल, तर पेय आंबल्यावर उकळायचं नाही. ताकाची कढी चवीला कितीही छान झाली, तरी उकळल्यावर त्यातले जिवाणू मरतात. बाहेर कित्येक महिने टिकणारं पाकिटबंद ताकही उष्णतेनं निर्जंतुक केलेलं असतं. फ्रीजमध्ये ठेवावं लागणारं आणि चार-पाच दिवसांत संपवावं लागणारं साधं ताक त्यापेक्षा बरं. घरचं तर सर्वांत उत्तम.

आंबवलेल्या पदार्थांचा खरंच उपयोग होतो का? २०२१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांचा दहा आठवड्यांचा एक आहारप्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात ३६ निरोगी प्रौढ होते. ज्या गटाला दही, केफिर, किमची, आंबवलेल्या भाज्यांचं पाणी असे पदार्थ भरपूर दिले, त्या गटातल्या लोकांच्या आतड्यांतल्या सूक्ष्मजीवांची विविधता वाढली, आणि शरीरातल्या दाहाशी संबंधित कित्येक प्रथिनांचं प्रमाण घटलं. प्रयोग लहान होता आणि रोजच्या आहाराचा होता. त्यामुळे एका संध्याकाळच्या एका पेल्यानं पोटाचा कायापालट होईल, असं कोणी समजू नये. पण सणाच्या निमित्तानं घरात कांजीची बरणी आली आणि पुढे आठवडाभर जेवणासोबत तिचा अर्धा पेला घेतला गेला, तर ती सवय मोलाची आहे.

तिसरी कसोटी मात्रेची. आंबवलेल्या पेयाची सवय नसलेल्या माणसाला दोन मोठे पेले कांजी प्यायला लावली, तर पोटात गुडगुड होणारच. १००-१५० मिलिलिटरचे लहान पेले काढा. हवं असेल तो परत घेईल.

ताक आणि मठ्ठा: मुळात दही चांगलं हवं

ताकाची सगळी भिस्त दह्यावर असते. दूध उकळून, बोटाला सोसेल इतकं कोमट करून विरजायचं. अर्धा लिटर दुधाला एक लहान चमचा विरजण पुरतं. थंडीत दही लागायला आठऐवजी दहा-बारा तास लागतात, म्हणून भांडं गव्हाच्या पिठाच्या डब्यात किंवा जाड टॉवेलात गुंडाळून ठेवा. दही घट्ट लागलं आणि हलका आंबटपणा आला की लगेच फ्रीजमध्ये टाका. फार आंबट दह्याचं ताक पाहुण्यांना नको असतं, आणि मग तो आंबटपणा झाकायला साखर घालावी लागते.

बारा माणसांसाठी ७०० ग्रॅम दही आणि साधारण पावणेदोन लिटर गार पाणी. रवीनं घुसळा. मिक्सर वापरायचाच असेल तर थोडाच वेळ फिरवा. लोणी वर आलं की काढून घ्या, म्हणजे जड जेवणावर ताक हलकं राहतं. मठ्ठ्यासाठी दोन इंच आलं, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर आणि थोडं मीठ एकत्र ठेचून ताकात कालवा. वर दोन चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर हिंग, दोन चमचे मीठ. लग्नातल्या मठ्ठ्यात साखर बरीच असते. घरी सगळ्या भांड्याला मिळून दोन-तीन चमचे घाला, जिलबी शेजारी असेल तर तेवढीही नको. तुपाची जिरे-हिंगाची फोडणी द्यायची असेल, तर ती गार करून मग घाला.

दूध सोसत नाही असं म्हणणाऱ्या पुष्कळांना ताक चालतं. दूध आंबताना त्यातली थोडी लॅक्टोज साखर जिवाणू संपवतात. उरलेली पचवायलाही दह्यातले जिवंत जिवाणू मदत करतात. शिवाय ताकात पाणी दुपटीहून जास्त असल्यामुळे पेल्यातली लॅक्टोज आणखी कमी होते. ज्यांना दुधाच्या प्रथिनाचीच ॲलर्जी आहे, त्यांना मात्र ताकही द्यायचं नाही. हा फरक पाहुण्याला आधीच विचारून घ्या.

एक जुनी खबरदारी आजही तितकीच लागू आहे. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक कळकतं. सणाला शोभा म्हणून तांब्याचे जग आणि पेले काढायची हल्ली हौस असते. त्यांत पाणी द्या. ताक, सोलकढी, कोकम, कांजी, आवळा ही सगळी आंबट पेयं काचेच्या, स्टीलच्या किंवा चिनी मातीच्याच भांड्यांत ठेवा.

सोलकढी आणि तिवळ

सोलकढी आंबवलेली नसते, त्यामुळे तिच्याकडून जिवाणूंची अपेक्षा ठेवू नये. तिचा गुण वेगळा आहे: साखर नाही, दूध नाही, आणि तिखट मासळी-मटणाच्या जेवणानंतर तोंड आणि पोट दोन्ही शांत करणारी चव. दुग्धजन्य पदार्थ न खाणाऱ्यांसाठी ती हक्काची आहे.

पंचवीसेक आमसुलं दोन वाट्या कोमट पाण्यात पाऊण तास भिजत घाला, मग कुसकरून गाळा. दोन मध्यम नारळांचा चव, चार लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या आणि एक चमचा जिरं कोमट पाण्यात वाटून, पंचातून पिळून दूध काढा. त्याच चोथ्यात पाणी घालून आणखी दोनदा वाटा. सगळं मिळून सव्वा ते दीड लिटर दूध निघेल. त्यात कोकमाचं पाणी थोडं थोडं घालत चव आणि रंग जमवा, मग मीठ आणि कोथिंबीर. आमसुलांऐवजी आगळ वापरत असाल, तर आधी ते चाखून पाहा. त्यात मीठ भरपूर असतं, वरून घालायची बहुधा गरजच पडत नाही. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक, ते सोलकढीत चालत नाही.

सोलकढी गरम करायची नाही, ती फुटते. नारळाचं दूध लवकर नासतं, म्हणून वाढायच्या तीन-चार तास आधीच करा आणि तोवर फ्रीजमध्ये ठेवा. उरलेली दुसऱ्या दिवशीसाठी राखू नका.

नारळ जड वाटतो त्यांच्यासाठी कोकण-गोव्यातली तिवळ करा: आमसुलाचं पाणी, ठेचलेली मिरची, हिंग, जिरं, मीठ आणि कोथिंबीर. पाच मिनिटांचं काम आहे. जेवणाआधी लहान पेल्यातून दिलेली तिवळ भूक छान उघडते.

कांजी: थंडीतली लाल बरणी

कांजी मूळची उत्तर भारतातली, तिथल्या काळ्या गाजरांची. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत लाल गाजरं आणि बीट रसरशीत मिळतात, आणि त्यांची कांजीही रंगाला-चवीला उत्तम होते. पार्टीच्या टेबलावर ती लाल वाइनच्या तोडीची दिसते. चव आंबट, खारट आणि नाकाला किंचित झोंबणारी.

दोन लिटर पाणी उकळून पूर्ण गार करा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आंबण्याचा वेग कमी करू शकतं, उकळल्यानं ते बरंचसं निघून जातं. ३५० ग्रॅम गाजरं आणि १५० ग्रॅम बीट स्वच्छ धुऊन बोटाएवढे तुकडे करा. तीन मोठे चमचे मोहरीची डाळ मिक्सरमधून फिरवून घ्या. लोणच्यासाठी आणलेली डाळ चालेल, पण मसाला घातलेली नको. मीठ ३५ ग्रॅम, म्हणजे दोन सपाट मोठे चमचे. एक लहान चमचा लाल तिखट. हे सगळं गरम पाण्यानं धुऊन कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत भरा. वर चार बोटं जागा मोकळी ठेवा. तोंडाला दादरा बांधा आणि बरणी उन्हं येणाऱ्या खिडकीत ठेवा.

रोज एकदा कोरड्या, स्वच्छ चमच्यानं ढवळा. भाज्या पाण्याखाली राहिल्या पाहिजेत. मुंबई-कोकणात तीन-चार दिवसांत, तर पुणे, नाशिक, नागपूरच्या थंडीत पाच-सहा दिवसांत कांजी तयार होते. बारीक बुडबुडे येतात, वास स्वच्छ आंबट होतो, पाणी किरमिजी होतं. चव जमली की गाळून फ्रीजमध्ये ठेवा. तिथे ती आठ-दहा दिवस छान राहते. गाजर-बिटाचे तुकडे फेकू नका, ते जेवणात तोंडी लावायला फार चांगले लागतात.

इथे सुरक्षिततेचं काम मीठ आणि आम्ल मिळून करतात. सुरुवातीला मीठ नको असलेल्या जिवाणूंना अडवतं, मग आंबटपणा वाढतो आणि तोच राखण करतो. म्हणून मिठात काटकसर करून ‘कमी मिठाची कांजी’ करायला जाऊ नका. खारट वाटली तर वाढताना पाणी घाला. वर पातळ, पांढरा, सपाट पापुद्रा आला तर घाबरायचं कारण नाही, तो काढून टाका. पण हिरवी, काळी किंवा गुलाबी केसाळ बुरशी दिसली, पाणी तार धरू लागलं किंवा कुजका वास आला, तर सगळी बरणी ओतून द्या. वरची बुरशी काढून खालचं वापरण्याचा मोह टाळा. चौथ्या-पाचव्या दिवशीही कांजी आंबट लागत नसेल, तर ती पाहुण्यांना देऊ नका.

१०० मिलिलिटर कांजीत साधारण १.४ ग्रॅम मीठ असतं. दिवसभरात मीठ ५ ग्रॅमच्या आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाबाचा त्रास असलेल्या आजोबांना म्हणून कांजीचे दोनच घोट, भरपूर पाणी घालून.

हुरड्याच्या शेतावर आंबील

हुरडा, वांग्याचं भरीत, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ असं जेवण झाल्यावर आंबील जितकी शोभते, तितकं दुसरं काही शोभत नाही. अनेक घरांत गौरीच्या नैवेद्यालाही ती असते. एरवीच्या संमेलनांतही तिला जागा मिळायला हवी, विशेषतः लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तेव्हा.

आदल्या रात्री एक वाटी नाचणीचं किंवा ज्वारीचं पीठ दोन वाट्या ताकात कालवून झाकून ठेवा. सकाळी त्याला आंबूस वास येतो. दीड लिटर पाणी उकळत ठेवा, त्यात हे मिश्रण सावकाश ओतत, गुठळ्या होऊ न देता ढवळत राहा. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजवा. शिजताना रात्रभर वाढलेले जिवाणू मरतात, म्हणून पुढची पायरी विसरू नका: आंबील पूर्ण गार झाली की त्यात तीन वाट्या ताजं ताक घाला. मग मीठ, जिरेपूड, ठेचलेलं आलं, कोथिंबीर. आंबट चवही मिळाली आणि जिवंत जिवाणूही. पेय पातळ हवं असेल तर आणखी ताक घाला. शेतावर न्यायची असेल, तर शिजवलेली आंबील आणि ताक वेगवेगळ्या भांड्यांत न्या आणि तिथे गेल्यावर कालवा.

हातात धरायला एक चकाकता पेला

पार्टीत पेल्याचं दिसणंही महत्त्वाचं असतं. एकतीस डिसेंबरला बारा वाजता सगळे पेले उंचावतात, तेव्हा न पिणाऱ्याच्या हातात स्टीलचं फुलपात्र असू नये. त्यासाठी दोन सोप्या कृती.

आवळा-आलं: सहा मोठे आवळे आणि दोन इंच आलं चिरून, वाटीभर पाण्यासोबत वाटून गाळा. त्यात अर्धा चमचा पादेलोण, एक चमचा जिरेपूड आणि तीन-चार चमचे किसलेला गूळ विरघळवा. दोन मोठे चमचे अर्क, वर साधा सोडा किंवा गार पाणी, पेल्याच्या कडेला संत्र्याची चकती. एवढ्या अर्कात सात-आठ पेले होतात.

कोकम सोडा: एक मोठा चमचा आगळ, चिमूट जिरेपूड, पुदिन्याची दोन पानं आणि वर सोडा. वरून मीठ नको.

सोड्याचे बुडबुडे सगळ्यांना सोसत नाहीत. ज्यांचं पोट लवकर फुगतं, त्यांना हेच पेय पाण्यातून द्या. पेला तसाच ठेवा.

रात्री उशिरा, निघायच्या वेळी, गरम काढ्याचा एक कप सगळ्यांनाच आवडतो. दीड लिटर पाण्यात गवती चहाची दहा-बारा पानं, दोन इंच ठेचलेलं आलं, दोन मोठे चमचे बडीशेप आणि एक चमचा जिरं घालून मंद आचेवर दहा मिनिटं उकळा. चहा पावडर नसल्यामुळे झोप मोडत नाही.

आंबवलेलं आणि बिनमद्याचं: इथे काळजी घ्या

आंबवण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. ताक-कांजीमध्ये लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंचं राज्य असतं, तिथे मद्यार्क तयार झालाच तर नाममात्र. पण गोड पाण्यात यीस्ट वाढलं, की ते साखरेपासून मद्यार्क आणि वायू बनवतं. कोम्बुचा, घरी आंबवलेला आल्याचा सोडा, फळांच्या रसापासून केलेली आंबवलेली पेयं, सगळी या दुसऱ्या मार्गावर कमी-अधिक असतात. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत ०.५ टक्क्यांहून जास्त मद्यार्क असलेलं पेय मद्यात मोडतं. घरच्या बाटलीत तो किती झाला, हे चवीवरून कळत नाही. गोडवा जास्त, उष्णता जास्त आणि दिवस जास्त, तितका तो वाढतो. वायूच्या दाबानं घट्ट बूच लावलेली काचेची बाटली फुटूही शकते.

म्हणून ज्यांच्यासाठी ‘अजिबात नाही’ म्हणजे अजिबात नाही, म्हणजे गरोदर स्त्रिया, मुलं, धर्माच्या कारणानं वर्ज्य मानणारे, काही औषधं घेणारे, व्यसनातून बाहेर आलेले, त्यांच्यासमोर ही पेयं ठेवू नका. बाजारातल्या बिनमद्याच्या बिअरच्या डब्यावरही आकडा ०.० आहे की ०.५, ते वाचून घ्या. दारू सोडलेल्या माणसाला बिअरसारखा वास किंवा वाइनसारखा पेला नकोसा वाटू शकतो. त्याला काय हवं ते शांतपणे, बाजूला घेऊन विचारा. ‘तू का घेत नाहीस?’ हा प्रश्न चारचौघांत कोणालाच विचारू नका.

कोणाला काय?

लसणानं पोट फुगणाऱ्यांसाठी थोडी सोलकढी बिनलसणाची बाजूला काढा. सफरचंदाचा रस, मध आणि ‘शुगर-फ्री’ पेयांतली काही गोडवा देणारी द्रव्यंही अशा पोटांना त्रास देतात. आम्लपित्त असलेल्यांना मिरची, पुदिना आणि फार आंबट पेयं टाळून साधं, पातळ, ताजं ताक किंवा बडीशेपेचा काढा द्या. मधुमेह असलेल्यांसाठी ताक, सोलकढी आणि तिवळ बिनसाखरेची. मोहरीची ॲलर्जी असणारेही असतात, म्हणून कांजीच्या बरणीवर त्यात काय आहे याची चिठ्ठी लावा. केमोथेरपी सुरू असलेल्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या पाहुण्याला घरी आंबवलेलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. त्यांच्यासाठी गरम काढा आहेच.

परदेशातल्या मराठी घरांत हे सगळं थोड्या फरकानं जमतं. दह्याच्या डब्यावर जिवंत विरजण असल्याचा उल्लेख पाहून साधं, बिनसाखरेचं दही घ्या, त्याचंच विरजणही होतं. आमसुलं भारतीय दुकानांत मिळतात. थंड देशात कांजीची बरणी घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवा आणि दिवस मोजण्यापेक्षा चवीवर विसंबा.

एकतीस डिसेंबरचं वेळापत्रक

२५ तारखेच्या सकाळी कांजी घाला. २९ला चव घ्या, तयार असेल तर फ्रीजमध्ये, नसेल तर चव जमेपर्यंत खिडकीत. ३०च्या दुपारी आमसुलं, आवळे, नारळ, सोडा आणा. कोण येणार आणि कोणाला काय चालत नाही, याची यादी करा. ३०च्या संध्याकाळी दही विरजा. ३१च्या सकाळी दही फ्रीजमध्ये टाका, आवळ्याचा अर्क करून ठेवा, जिरं भाजून पूड करा. दुपारी तीन-चारला सोलकढी. पाहुणे यायच्या तासभर आधी ताक घुसळा, पेले पुसून मांडा. काढ्याचं सामान एका वाटीत भरून गॅसजवळ ठेवा.

सगळी पेयं एकाच रात्री करायचा अट्टहास नको. एक जेवणाआधीचं, एक जेवणासोबतचं आणि एक निघतानाचं, अशी तीन पुरतात. आल्या आल्या तिवळ किंवा कांजी, ताटाशेजारी मठ्ठा किंवा सोलकढी, शेवटी काढा. साध्या पाण्याचे भरलेले जगही हाताशी हवेत.

ही पेयं सगळ्यांसाठी ठेवा, फक्त न पिणाऱ्यांसाठी नाही. मद्य घेणाऱ्यांनाही मधूनमधून कोकमाचा पेला मिळाला, तर त्यांचं घेणंही कमी होऊ शकतं. मग कोण पितं आणि कोण पीत नाही, याकडे फारसं कोणाचं लक्ष राहत नाही. पाहुणचाराचं हेच तर काम आहे. या वर्षी एकच पेय निवडा, घरच्यांसाठी एकदा करून पाहा आणि बेताच्या यादीत त्याचं नाव वरच्या ओळीत लिहा.